उजवीकडची पदकं

सुभेदारसाहेबांनी माझी शिवण पहिल्यांदा उसवायला लावली, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते, "मग तुम्हीच शिवा ना." ते शांतपणे म्हणाले, "शिवलं असतं. पण माझी सुई सरळ जात नाही, तुमची जाते. म्हणून तर पुन्हा सांगतोय." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी उसवलं, पुन्हा शिवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मेडलांची पट्टी डोळ्यांपाशी नेली आणि बराच वेळ बघून म्हणाले, "एक सूत वर गेलीय, मास्टर."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि पलटणीत शिंप्याला मास्टर म्हणतात. मी नाशिकरोडला ब्लाउज शिवून देणारी बाई, अंगठाछाप नाही पण शिकलेलीही फार नाही. तरी त्यांनी मला कायम मास्टरच म्हटलं. ते आमचे घरमालक. देवळाली गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं बैठं घर होतं. मागच्या दोन खोल्यांत ते एकटे, पुढची खोली आणि ओटा आमच्याकडे. आमचे हे मनमाडला रेल्वेत होते, आठवड्याला एकदा घरी यायचे. त्यामुळे ओट्यावर माझं मशीन आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसलेले सुभेदारसाहेब, हे दृश्य त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सवयीचं झालं होतं.

लष्करातली त्यांची सगळी नोकरी पगाराच्या खात्यात गेली. बंदूक चालवायला शिकले होते, तिथे ती शिकावीच लागते, पण हातात कायम लोखंडी पेटी. जिथे पलटण, तिथे पेटी घेऊन जायचं आणि जवानांना पगार वाटायचा. निवृत्तीआधीची शेवटची वर्षं ते इथल्याच कचेरीत होते. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी वडिलांचा पलटणीतला फोटो, बस. बाकी भिंती पांढऱ्या.

त्यांना माणसं चेहऱ्यावरून आठवायची नाहीत, अंगठ्यावरून आठवायची. मी थट्टा करत नाहीये. पूर्वी निम्मे जवान सही न करता अंगठाच उठवायचे, आणि प्रत्येकाचा अंगठा यांनी आपल्या हाताने धरून शाईवर टेकवलेला. रस्त्यात कोणी ओळख दाखवली की साहेब आधी त्याचा हात धरणार, अंगठा वर करून बघणार आणि मग म्हणणार, "अरे, तू होय!" आमच्या यांचा अंगठा पहिल्याच दिवशी बघून म्हणाले, "लहानपणी विळ्याने कापलाय. डाव्या हाताने खाता का?" हे खरंच लहानपणी डाव्या हाताने खायचे. त्यानंतर महिनाभर आमचे हे त्यांच्यासमोर मुठी वळून बसायचे.

सकाळी दूधवाला आला की त्याने नुसतं "दूऽध" म्हणून ओरडलेलं त्यांना चालायचं नाही. त्याने स्वतःचं नाव सांगायचं आणि "हजर" म्हणायचं. तो बिचारा आधी वैतागला, मग त्याला गंमत वाटू लागली, आणि पुढे पुढे तर आमच्या दारातही "हजर" म्हणूनच भांडं मागायला लागला. माझं डोकं उठायचं. पण एकदा तो तापाने पडला आणि चार दिवस त्याचा भाऊ आला, तेव्हा सुभेदारसाहेब एकटेच चौकशी करत त्याच्या घरी गेले. बाकी आम्हाला दुधाशी मतलब.

त्यांच्याकडे माणसं यायची ती मेडलांसाठी. निफाड, सिन्नर, पिंपळगाव, कुठूनकुठून निवृत्त जवान यायचे. कोणाची मेडलं तंबाखूच्या डबीत, कोणाची रुमालाच्या पुरचुंडीत, एकाची तर पानाच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी. सुभेदारसाहेब ती चिंचेच्या पाण्याने धुऊन, पुसून, क्रमाने मांडायचे. हा क्रम कोणाच्या आवडीचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं. एकाहत्तरच्या पूर्वेकडच्या लढाईचा 'पूर्वी स्टार' आधी, रक्षा मेडल त्याच्यानंतर, मग संग्राम, आणि नऊ वर्षांच्या नोकरीचं पार शेवटी. तो क्रम लावून झाला की फिती पट्टीवर शिवायचं काम माझं. एकदा पिंपळगावचा एक जण म्हणाला, "साहेब, ते चकचकीत मधे घ्या ना, पोराच्या लग्नात फोटो काढायचाय." साहेबांनी सगळी मेडलं त्याच्या डबीत परत भरली आणि म्हणाले, "लग्नाचा बँडवाला बघा. तो पाहिजे तशी लावून देईल." तो माणूस ओट्यावर तासभर बसून राहिला, शेवटी म्हणाला, "बरं, तुमच्या मनासारखं." साहेब म्हणाले, "माझ्या मनाचा प्रश्न नाही हो," आणि मग लावून दिली.

डावी-उजवी बाजूही मला त्यांनीच सांगितली. ज्याची मेडलं त्याने स्वतः डाव्या छातीवर लावायची. तो गेला, तर त्याच्या घरच्यांनी उजव्या छातीवर लावायची. "का असं?" मी विचारलं. म्हणाले, "समोरून येणाऱ्याला बघताक्षणी कळतं. मग तो त्या बाईला विचारत नाही की तुमचे मालक सध्या कुठे असतात." मला तेव्हा त्या नियमाचं फार कौतुक वाटलं होतं. किती शहाण्या माणसाने केला असेल, असं वाटलं.

कोपऱ्यावरचा किराणावाला तोंडाचा फाटका होता. मी साबुदाणा घ्यायला गेले होते, तेवढ्यात सुभेदारसाहेब चहापत्ती घ्यायला आले. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला इतकी मेडलं कशी? शत्रूला काय नोटा फेकून मारल्या?" दुकानात दोन-चार जण हसले. माझं डोकं फिरलं. पण साहेबही हसले आणि म्हणाले, "ती शौर्याची नाहीतच हो. हजेरीची आहेत. हा माणूस तिथे होता, एवढंच सांगतात." चहापत्ती घेऊन ते निघून गेले. मी किराणावाल्याला म्हटलं, "तू कुठं होतास रे तेव्हा? गल्ल्यावर?" त्यावर त्याने साबुदाणा भरभरून मोजला.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलंच, की पगार वाटण्यात एवढं काय असतं. ते म्हणाले, "मलाही वाटायचं, काय असतं." मग एका चौकीची गोष्ट सांगितली. वर बर्फात होती, पेटी खेचरावर लादून न्यायची, आणि शेवटी शेवटी तर खेचरही जात नाही, पाठीवर घ्यायची.

"तिथे दुकान नाही, टपरी नाही. पैसे घेऊन जवान करणार काय? मी आमच्या साहेबांना म्हटलं, खाली उतरले की देऊ. साहेब म्हणाले, जा. गेलो. रिकाम्या खोक्यावर कागद मांडले आणि नावं वाचायला लागलो. एकेक पोरगा पुढे यायचा, नंबर सांगायचा, नाव सांगायचा, हजर म्हणायचा. पैसे न बघता खिशात कोंबायचा. पण तिथून हलायचा नाही, मास्टर. आपलं झालं तरी दुसऱ्याचं नाव ऐकत उभा. वारा असा की कागद उडतोय, तरी सगळे उभे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पगाराचं निमित्त होतं. कोणीतरी एवढं वर चढून येतं आणि आपलं नाव मोठ्याने वाचतं, ते त्यांना पाहिजे होतं."

माझ्या हातात कोणाचा तरी ब्लाउज होता, तो तसाच राहिला. किती वर्षं मी या माणसाला विक्षिप्त म्हातारा समजत होते. त्या दिवसानंतर मी त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसले नाही.

त्यांची स्वतःची पट्टी मीच शिवली होती, तीनदा उसवून. पण एक वस्तू त्यांनी मला कधी शिवू दिली नाही. काड्यापेटीत ठेवलेलं एक धातूचं पान, नखाएवढं. लढाईत काही विशेष केलं आणि वरच्या साहेबांनी तसं लिहून कळवलं, तर हे पान त्या लढाईच्या मेडलाच्या फितीवर लावायला देतात. म्हणजे हजेरीच्या वरचं काहीतरी यांनीही केलं होतं. मी म्हटलं, "लावू का?" तर म्हणाले, "ते राहू द्या." आणि काड्यापेटी बंद केली. आवाज असा, की पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुभेदारसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चमकवून पॅसेंजरने लासलगावला जायचे. संध्याकाळी परत. कुठे जातात, कोणाला पत्ता नाही. आता खोटं कशाला बोलू, मला वाटलं म्हाताऱ्याने तिकडे कोणीतरी ठेवलीय. शेजारणीला तसं म्हणालेही. आणि एका शनिवारी साहेबच ओट्यावर येऊन म्हणाले, "मास्टर, उद्या माझ्याबरोबर लासलगावला याल? माझ्याने एक काम होत नाहीये. बाईमाणूस असलं तर होईल."

गाडीत त्यांनी थोडक्यात सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या पगाराच्या ट्रकवर एक पोरगा ड्रायव्हर होता, लासलगावकडचा. पूर्वेकडे एका नदीत ट्रकसकट गेला. प्रेत सापडलं नाही. त्याची दोन मेडलं काही वर्षांनी टपालाने त्याच्या आईकडे पाठवली, तर तिने परत केली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. शेवटी कचेरीतले लोक म्हणाले, सुभेदारसाहेब, तुम्ही तिथे होता, तुम्हीच नेऊन द्या. "मी नेतो," ते म्हणाले, "आणि परत आणतो. दर महिन्याला."

म्हातारी कांद्याच्या खळ्यावर निवडायचं काम करायची. आम्ही गेलो तेव्हा ती कांद्याच्या ढिगापाशी बसली होती, लुगड्याला, केसांना, सगळीकडे लाल सालपटं चिकटलेली. काटक बाई. डोळे असे, की समोरच्याने खाली बघावं.

"आला का? आन् ही कोन?"

"आमच्याकडे शिवणकाम करतात, आई."

"बस गं. भाकर खाल्ल्याबिगर जायचं नाय."

खळ्याच्या मागेच तिची खोली होती. तिने भाकरी, ठेचा, कांदा पुढे ठेवला. खाऊन झाल्यावर सुभेदारसाहेबांनी हात धुतले, पुसले, खिशातून रुमालाची पुडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने एका बोटाने ती परत त्यांच्याकडे सरकवली. दोघांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, इतकं ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मग ती मला म्हणाली, "ह्यो दर म्हयन्याला येतो बघ. म्हनतो, आई, तुझा पोरगा गेला, म्या डोळ्यानं पाह्यलं. म्या म्हन्ते, तू पाह्यलं आसशील. म्या नाय पाह्यलं."

पेन्शन ती घ्यायची. पण 'माझा पोरगा धाडतो' असं म्हणून घ्यायची. मेडल घेतलं की मात्र तो मेला यावर अंगठा उठवल्यासारखं होईल, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सुभेदारसाहेब मान खाली घालून बसले होते. मला त्यांची फार कीव आली. मी काही विचार न करता पुडी उघडली, एक मेडल उचललं, म्हातारीचा हात धरला आणि तिचा अंगठा मेडलाच्या कडेवरून फिरवला.

"काय गं हे खरबरीत?"

"त्याचं नाव आहे, आजी. कोरलंय. नंबर आणि नाव."

"त्याचं?" तिने मेडल माझ्या हातातून घेतलं. अंगठा पुन्हा फिरवला, पूर्ण गोल. पुन्हा फिरवला. "पुसत नाय?"

"नाही पुसत."

किती वेळ ती अंगठा फिरवत बसली कोण जाणे. मग म्हणाली, "हे कुठं लावत्यात?" आणि मी मूर्खासारखी घडाघडा सगळं सांगून टाकलं. जिवंत असेल तर ज्याचं त्याने डावीकडे, नसेल तर घरच्यांनी उजवीकडे.

"मंग म्या डावीकडं लावीन," ती म्हणाली. "तो येईस्तोवर."

सुभेदारसाहेबांनी मान वर केली. "आई, तसं नियमात बसत नाही."

"मंग ने परत."

त्यांनी परत नेलं नाही. पण परतीच्या गाडीत, निफाड गेल्यावर, मीच विषय काढला. म्हटलं, "साहेब, ती बाई इतक्या वर्षांनी घेतेय. डावीकडे लावलं तर कोणाचं काय जातं?"

"नियम आहे म्हणून तर समोरच्याला कळतं, मास्टर. उद्या कोणीही कुठेही लावेल."

"नियम काय देवाने लिहिलाय?"

ते खिडकीबाहेर बघत होते. द्राक्षांचे मांडव मागे पळत होते. मग त्यांनी नदीची गोष्ट सांगितली, इतक्या हळू आवाजात की मला पुढे वाकावं लागलं.

"चिखल होता. काठावरून ट्रक घसरला, पुढची चाकं पाण्यात. पोरगा ब्रेकवर पाय देऊन बसला, म्हणाला, साहेब, मी धरून ठेवलाय, काढा काय काढायचं ते. आमचा नियम असा, की आधी पेटी. पेटी सोडून कोणी हलायचं नाही. मी मागे चढलो. आम्ही तिघांनी पेटी ओढून काठावर घेतली. आणि मग मी त्याला म्हणालो, उतर. आधी 'पेटी' म्हणालो, मास्टर, आणि 'उतर' नंतर म्हणालो. त्याने पाय उचलला आणि ट्रक गेला. उलटं म्हणालो असतो तर ट्रक गेला असता, पेटी गेली असती, माझी चौकशी झाली असती. पोरगा राहिला असता. नोटा कोरड्या राहिल्या. त्याच संध्याकाळी पगार वाटला. त्याचं नाव होतं त्यात. वाचावं की गाळावं, कळेना. वाचलं. हजर म्हणायला कोणी नव्हतं. त्या पेटीबद्दल मला ते पान मिळालं."

नाशिकरोड येईपर्यंत मी रडत होते. साहेब खिडकीकडे तोंड करून बसले होते, ते माझं रडणं बघायला नको म्हणून, की त्यांचं मला दिसू नये म्हणून, हे आजही सांगता येणार नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला नाशिकला मैदानावर कार्यक्रम होता. लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. म्हातारीलाही बोलावणं गेलं. तिने निरोप पाठवला, येते, पण माझं मी लावीन. मला धडकी भरली. सुभेदारसाहेब तिथे असणार, आणि ज्या माणसाने एका सुतासाठी मला तीनदा उसवायला लावलं, तो हे चालू देईल? आदल्या दुपारी ते ओट्यावर आले, काड्यापेटी मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "एक फीत. पूर्वी स्टार, आणि त्यावर हे पान. टाचणी उजवीकडच्या हिशोबाने लावा."

मला वाटलं, ते म्हातारीच्या गळी उजवी बाजू उतरवणार, आणि वर स्वतःचं पान देऊन तिची समजूत काढणार. मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला काळीज नाही म्हणाले, तुमच्या छातीत मोजपट्टी आहे म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पान मधोमध येऊ द्या," एवढंच म्हणाले.

सकाळी मैदानावर हुडहुडी भरत होती. नाशिकची जानेवारीतली थंडी काय असते ते नाशिककरालाच ठाऊक. म्हातारी नवं लुगडं नेसून आली होती, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, आणि पदरावर डाव्या बाजूला दोन मेडलं. वाकडीतिकडी, क्रम उलटा. सुभेदारसाहेब गळ्यापर्यंत बंद कोट घालून निवृत्तांच्या रांगेत बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा समोर वळवली.

माइकवरून नावं पुकारायला सुरुवात झाली. गेलेल्याचं नाव पुकारायचे, मग त्याच्या घरचं माणूस उठून मंचाकडे जायचं. ड्रायव्हरचं नाव आलं. म्हातारी उठली आणि तिथूनच, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाय."

मी सुभेदारसाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

मंचावर लष्करातले एक तरुण साहेब शाली देत होते. चांगला मुलगा होता, आवाजात मार्दव होतं. त्यांनी मेडलं डावीकडे बघितली, शाल हातात तशीच धरली आणि वाकून म्हणाले, "आजी, ही चुकून इकडे लागलीत. आपण इकडे लावू या हं." म्हातारीने मेडलांवर तळहात दाबला. "चुकून नाय." तरुण साहेब गोंधळले. मागचे लोक कुजबुजायला लागले. हे असं मंचावर लोंबकळत राहिलं, आणि मला वाटलं, आता म्हातारी मेडलं उपटून त्यांच्या हातात देईल आणि चालू पडेल, पुन्हा आयुष्यात हात लावणार नाही.

सुभेदारसाहेब उठले. मंचाच्या पायऱ्या चढले. सॅल्यूट केला, स्वतःचा नंबर आणि नाव सांगितलं, आणि कोटाची बटणं सोडली. त्यांची डावी छाती रिकामी होती. रोजची पट्टी नव्हतीच. उजवीकडे माझ्या हातची ती एकच फीत, पान मधोमध.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. गेलेल्याचं घरच्या माणसाने उजवीकडे लावायचं. ते मी लावलंय, हे पान खरं त्याचंच. मी त्याला जाताना बघितलं, म्हणून माझ्याकडे उजवी बाजू. आईंनी बघितलं नाही. त्यांची डावीकडेच राहू द्या."

तरुण साहेबांनी एकदा सुभेदारसाहेबांकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे. मग शाल तिच्या अंगावर घातली, मेडलं झाकणार नाहीत अशी नीट सारली, दोन पावलं मागे झाले आणि तिला सॅल्यूट केला. मी मैदानात उभ्याउभ्या हुंदके देत होते. रात्रभर ज्या माणसाला मी मनात शिव्या घातल्या, त्याने आपली सगळी हजेरी उतरवून ठेवली होती आणि त्या पोराच्या नात्यातला होऊन उभा राहिला होता. आयुष्यात मी पुष्कळ छात्यांची मापं घेतली. ही छाती मला मापता आली नव्हती.

खाली उतरल्यावर म्हातारीने त्यांच्या कोटावरच्या पानाला बोट लावलं. "तुझं तुझ्यापाशी," ती म्हणाली, "माझं माझ्यापाशी." मग तिने पिशवीतून कांदे काढून त्यांना दिले.

त्यानंतरही ते दर महिन्याला लासलगावला जात राहिले, भाकरी खाऊन येत राहिले. फक्त खिशात पुडी नसायची. माझी शिवण उसवायला लावणं तसंच चालू होतं, त्यात काडीचाही फरक पडला नाही.

सुभेदारसाहेब गेले ते एका सकाळी, दूधवाल्याच्या हाकेला उत्तर आलं नाही म्हणून आम्हाला कळलं. आमच्या यांनी मनमाडहून रेल्वेच्या फोनवर लासलगाव स्टेशनला निरोप दिला, आणि तिथल्या हमालाने तो खळ्यावर पोचवला. आम्ही तिच्यासाठी थांबलो. वंदना म्हणणारी मंडळी अंगणात बसून होती. दुपारच्या गाडीने ती आली, कामावरून उठून तशीच, केसांत सालपटं. त्यांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कपाळावर हात ठेवला, हात उचलून अंगठा बघितला, पुन्हा चेहरा बघितला. इतकं निरखून कोणी कोणाला बघितलेलं मी पाहिलं नाही.

मग मला म्हणाली, "ह्याची कुठं हायेत? आन."

मी त्यांची पट्टी आणली. तिने प्रत्येक मेडलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे ह्याचं नाव?" मी हो म्हटलं. तिने पदर सारखा केला. डावीकडे तिच्या पोराची दोन होतीच, ती आता रोजच लावायची.

"लाव," ती म्हणाली.

"कुठं लावू?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"उजवीकडं. ह्याला म्या पाह्यला."

मी टाचणी लावली. पट्टी लागली ती एक सूत वर गेली. मला दिसत होतं. पण उसवायला सांगणारं आता कोणी नव्हतं, म्हणून तशीच राहू दिली.